जास्तीचं माप

“ती पट्टी तिथंच उंबऱ्यावर ठेव. ह्या शेडमधी बाजारची पट्टी आणायची न्हाई.”

मामांचा हा आवाज अजून कानात आहे. मामा म्हणजे माझे सासरे, रंगराव सुतार. कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि परसात त्यांची पत्र्याची शेड. ओतकामाला लागणारे लाकडी पॅटर्न ते करत. जी वस्तू धातूत हवी, ती आधी हुबेहूब लाकडात घडवायची. तो पॅटर्न वाळूत दाबून काढला की पोकळी राहते आणि फौंड्रीवाले तिच्यात वितळलेला धातू ओततात. चरकाचे भाग, पंपाची घरं, इंजिनांची झाकणं, सगळी आधी मामांच्या हातून लाकडात जन्माला यायची.

त्या सकाळी मी मुलींच्या खोलीतल्या पडद्याचं माप घेऊन तशीच परसात आले होते. घरातली स्टीलची पट्टी हातात राहिली होती.

“का बरं, मामा? पट्टीसारखी पट्टी,” मी म्हटलं.

“तू बोललीस, का मांजर चाललं?” माझ्या हळू बोलण्यावर ते लग्न झाल्यापासून असंच म्हणत आले होते. मग उंबऱ्यापाशी येऊन त्यांनी स्वतःची जुनी पट्टी माझ्या पट्टीला लावून धरली. दोन्हींवर आकडे तेच, पण त्यांची थोडी लांब होती. त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक इंच किंचित मोठा होता.

“म्हणजे ही खोटी.”

“खोटी न्हवं. पुढचं बघून केलेली. पितळ ओतलं की गार होताना आटतंय. फुटाला दीड सूत. बिडाचं लोखंड तेवढं आटत न्हाई, त्याची पट्टी येगळी. नवं कापड पहिल्या पाण्यात आटतंय म्हणून तू पोरींचे झगे वाढीव बेततीस का न्हाई?”

“बेतते.”

“मग झालं. मी पितळेचे झगे बेततो.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा फरकासाठी माणूस आयुष्यभर मोठ्या इंचांची पट्टी वापरतो, याचं मला हसू आलं. मामा मात्र वळून बाकावरच्या कामाकडे गेले होते.

बाकावर मरगुबाईची प्रभावळ होती. कांडवे हे मामांचं जन्मगाव. तिथल्या देवीच्या मूर्तीमागची लाकडी प्रभावळ किडली होती आणि आता पितळेची करायचं गावानं ठरवलं होतं. देवीच्या दगडी जोत्यात दोन खोबण्या आहेत. प्रभावळीचे दोन पाय त्या खोबण्यांतच बसले पाहिजेत. जोत्याला छिन्नी लावायची नाही, हा गावाचा जुना नेम. त्यामुळे माप चुकलं तर देवीचं काही बदलणार नव्हतं, प्रभावळ माघारी येणार होती. गावच्या बैठकीत मामा उठून म्हणाले होते, पॅटर्न मी करतो, घटस्थापनेआधी देवीच्या पाठीशी उभी करतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं भर देवळात दिलेला शब्द होता तो. दोन बाजूंनी चढत गेलेली वेल आणि मधोमध कीर्तिमुख, एवढं कोरून झालं होतं. कीर्तिमुखाचे डोळे तर असे उतरले होते की त्याच्यासमोर उभं राहून खोटं बोलवलं नसतं.

त्याच दुपारी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

कारण तसं घडलं होतं. आयुष्यभर पायाखालचा रस्ता, तरी मामा मगदुमांच्या फौंड्रीतून येताना दोनदा भलत्या गल्लीत शिरले होते. एकदा तर परक्याच्या दारात बसून माझ्या नावानं हाका मारत राहिले होते. मग तपासणी झाली, मेंदूची फिल्म काढली. डॉक्टरांनी ती उजेडाच्या काचेवर लावली.

“वयानं मेंदू थोडा आकसतोच,” ते ह्यांना म्हणाले. “यांचा जरा जास्त आकसलाय. श्रिंकेज म्हणतो आम्ही.”

मामा खुर्चीत पुढे सरकले. तो शब्द फौंड्रीत रोज त्यांच्या कानावर पडणारा. “किती, डॉक्टर? फुटाला किती सूत?”

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मामांचा धंदा काय, ते ह्यांनी सांगितलं. डॉक्टर हसले आणि मग पेन खाली ठेवून मामांकडेच वळले. “तसं माप नाही काढता येत हो, रंगराव. पण हाताला जे वळण आहे ते बराच काळ राहील. काम मोडू नका. फक्त एकटे राहू नका.”

येताना रिक्षात बिंदू चौकाजवळ मामा म्हणाले, “आमच्यात आधीच वाढवून घेत्यात. ह्यात कुणी वाढवून ठेवलेलं दिसत न्हाई.”

हे रिक्षाबाहेर बघत राहिले.

चातुर्मासात मी एकभुक्त असते. दिवसाकाठी एकदाच, तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून झाल्यावर जेवायचं, आणि तेही मुकं. पान पुढ्यात आल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द बोलायचा नाही. बोललं तर पानावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवशीच्या सांजेपर्यंत काही नाही. हा नेम मला माहेरून आलेला. घरात सगळ्यांना तो अंगवळणी पडला होता. मुली तर मी जेवताना मुद्दाम माझ्याकडे बघून तोंडं वाकडी करायच्या, मी हसते का बघायला.

त्या सांजेला मुली शेजारी खेळायला गेल्या होत्या. मामा, हे आणि मी जेवत होतो. ह्यांनी वरणभात कालवला आणि तो तसाच ठेवला.

“आबा, उद्यापासून शेडला कुलूप लावतो. मगदूम अण्णांना सांगतो, दुसरा कुणी पॅटर्नवाला बघा म्हणून.”

मामा म्हणाले, “अर्धं झालंय, यशवंता.”

“अर्ध्यावरच कळलं ते बरं. उद्या प्रभावळ खोबणीत बसली नाही तर? अख्ख्या गावासमोर? लोक तुमच्या तोंडावर बोलणार नाहीत, आबा. मागं बोलतील. रंगरावाचं डोकं चालेना झालंय, म्हणतील. मला नाही ऐकवणार ते.”

“डॉक्टर म्हणाले, काम मोडू नका.”

“एकटं सोडू नका असंही म्हणाले. मी नोकरी सोडून शेडमध्ये बसू?”

मामांनी मान खाली घातली. हातातल्या भाकरीचा तुकडा ते कुस्करत होते, पण तोंडात जात नव्हता. ते रागावले असते, आवाज चढवला असता, तर मला गप्प राहणं सोपं गेलं असतं. ते कुणी बस म्हणून सांगितल्यासारखे बसून राहिले. त्या घरात मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

माझा दुसरा घास हातात होता.

“मी बसते शेडमध्ये,” मी म्हणाले.

दोघांनीही वर पाहिलं.

“रोजची पूजा उरकली की जाईन, दुपारचं काम होईपर्यंत थांबेन. मामा माप घेतील ते मला सांगतील. मी लक्षात ठेवेन. कुलूप लावायचं नाही.”

आणि घास ताटात ठेवून मी उठले. हात धुतले. मागून ह्यांचा आवाज आला, “अगं, निदान जेवून तरी बोलायचंस.”

“जेवून बोलले असते तर तोवर तुमचं ठरून गेलं असतं,” मी म्हटलं. एवढं सलग मी त्यांच्यापुढे क्वचितच बोलले असेन.

मामा म्हणाले, “मांजर न्हाई बाबा हे. वाघीण निघाली.” आणि त्यांनी भाकरीचा घास घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मी शेडमध्ये बसू लागले. रीत आम्हीच पाडली. मामा लाकडावर खूण करण्याआधी माप मोठ्यानं म्हणायचे, आणि ते कोणत्या पट्टीचं तेही. मी ते त्यांना परत म्हणून दाखवायची. मग खूण, मग पटाशी. लाकडाचा भुसा माझ्या नऊवारीच्या निऱ्यांत जाऊन बसायचा. मामा काम करताना बोलायचे, माझ्याशी कमी, लाकडाशी जास्त. “ये, इकडं फिर. आडवी रेघ हाय व्हय तुझी? लपवून ठेवली होतीस.” आठ दिवसांत मला पट्ट्या ओळखू येऊ लागल्या. सागवानही आधी मुरवून, वाळवून, आटवून घ्यावं लागतं हे तिथंच कळलं. ओलं लाकूड पॅटर्नला घेतलं तर पॅटर्नच आटून बसतो.

कांडव्याहून सिद्धाप्पा गुरव एकदा काम बघायला आले. मला बाकाचं एक टोक धरून बसलेली पाहून दारातच थांबले.

“रंगूनाना, देवीच्या कामाला बाईचा हात?”

“आणि देवी कोण हाय, सिद्धाप्पा? बाप्या हाय व्हय?”

सिद्धाप्पा हसले. तरीही त्यांनी माझ्याकडे पाहिलंच. मी म्हटलं, “काका, माझ्या चार दिवसांत मी इकडं येत नाही.” ते समाधानानं आत आले. आणि खरोखरच त्या दिवसांत मामासुद्धा हत्याराला हात लावत नसत. अंगणात खाटेवर बसून राहत, शाळेला सुट्टी पडलेल्या पण खेळायला कुणी नसलेल्या पोरासारखे.

सिद्धाप्पांनी त्या दिवशी एक गोष्ट बरोबर आणली होती. एका खोबणीपासून दुसऱ्या खोबणीपर्यंत नेमकी बसणारी बांबूची कांब. मामांनी आधीच देवळात जाऊन माप घेतलं होतं, पण गावची पद्धत अशी की देवीचं माप आकड्यात नेत नाहीत, कांबेत नेतात. ती कांब मामांनी कोपऱ्यात उभी केली आणि दोघं पान खात गप्पा मारत बसले.

सिद्धाप्पा गेल्यावर मी सहज ती कांब उचलली. प्रभावळ बाकावर आडवी होती. कांबेचं एक टोक एका पायाशी लावलं आणि दुसरं टोक बघितलं.

पॅटर्न कांबेपेक्षा मोठा असणारच होता. पितळ आटायला जागा हवी. कांब अडीच फुटांच्या आसपासची, म्हणजे फरक चारेक सुतांचा हवा, अर्ध्या इंचाचा. मी बोटांनी अंदाज घेतला. मग पुन्हा घेतला. फरक जवळजवळ दुप्पट होता.

ही मापं मी शेडमध्ये बसायला लागण्याआधीची होती. वेल कोरून झाली होती, कीर्तिमुख झालं होतं. न सांगता राहिलं तर प्रभावळ खोबणीत बसणार नाही. सांगितलं तर माझ्याच बोलण्यानं शेडला कुलूप लागणार. मी कांब धरून तशीच उभी राहिले.

“काय गं? कांब चावली?”

“मामा, जरा इकडं या. हे अंतर एवढं पाहिजे का?”

ते आले. कांबेकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. चष्मा पुसला. मग पितळेच्या कामाची आपली पट्टी लावून मोजलं आणि ती हातात उलटसुलट करत उभे राहिले. बऱ्याच वेळानं खाली बसले.

“पट्टीत आटणं आधीच धरलेलं असतंय,” ते म्हणाले. “लाकडावर माप ह्या पट्टीनं टाकलं म्हणजे वाढवून झालं. आणि मग मी हातानं पुन्हा वाढवलं. दोनदा. धंद्याला लागल्यावर पहिल्या वर्षी सगळेच करत्यात असं. मीबी केलं होतं. फौंड्रीच्या थोरल्या मालकांनी कानाखाली वाजवली होती.”

मी कांब बाकावर ठेवली.

“यशवंताला सांगणार हायस?”

“तुम्ही म्हणाल तसं. पण आधी हे कसं दुरुस्त करायचं ते सांगा.”

त्यांनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. मग उठले. बोटानं कीर्तिमुखाच्या दोन्ही अंगांना स्पर्श करत म्हणाले, “इथनं आणि इथनं, दोन्हीकडं सारखं कापायचं. वेलीचं एकेक पान जाईल. उरलेलं जोडून घ्यायचं. कीर्तिमुखाला धक्का न्हाई.”

त्या एकेका पानाला त्यांना किती वेळ लागला होता ते मी परसात जातायेता पाहिलं होतं. त्यांनी करवत घेतली. “घट्ट धर. हलू देऊ नको.” मी दोन्ही हातांनी प्रभावळ बाकावर दाबून धरली आणि डोळे मिटले. करवतीचा आवाज एकसारखा, कुठंही न अडखळता येत राहिला. त्यांचा हात थरथरत नव्हता.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे चूल पेटवायच्या लाकडासारखे तडकतील असं वाटलं होतं. पण हे म्हणाले, “आबांना स्वतःला दिसली ना चूक? दाखवल्यावर?”

“दिसली. आणि त्यांनीच दुरुस्त केली.”

“मग बस तू.”

महालय संपायच्या आत ओतकाम झालं. मगदूम अण्णांनी त्या दिवशी फौंड्रीत बिडाची भट्टी लावलीच नाही, फक्त पितळेची मूस. वाळूत पोकळी तयार होती. ओतणाऱ्या गड्यांनी मूस कलती केली आणि पिवळाधमक रस आत शिरला. वाफेचा एक हुंदका आला आणि सगळं शांत झालं. अण्णा म्हणाले, “आता गार होऊ द्या. घाई केली की चीर पडते.”

मामा आणि मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो. मला आत काय चाललं असेल त्याचीच काळजी होती.

“आता आटायला लागलं असेल ना?” मी विचारलं.

“हां.”

“मामा, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“पितळेची?”

मी मान हलवली. ते समजले.

“आटणाऱ्याला भिऊन काय करणार? गार व्हायचं म्हटलं की आटायचंच. न आटलेलं पितळ म्हणजे अजून गरम हाय, हात लावायच्या लायकीचं न्हाई.” त्यांनी लिंबाचं एक पान चुरगाळलं. “भ्या कशाचं, सांगू? आटणार हे ठाऊक असून आधी माप धरलं न्हाई, त्याचं. म्हणून आज तुझ्याकडं एक माप धरून ठेवतो.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी तू चूक दाखवलीस, मला दिसली. एक दिवस असा येईल, तू दाखवशील आणि मला दिसायची न्हाई. मी म्हणेन, बरोबर हाय. त्या दिवशी मला सांगायचं, मामा, आता हत्यारं ठेवा. तूच सांगायचं. यशवंता न्हाई, अण्णा न्हाई, गावातलं कुणी तर न्हाईच. आणि मागनं गुपचूप दुरुस्त करून माझ्या नावावर खपवायचं न्हाई.”

“मामा, असं काही...”

“हो म्हण. भांडू नको.”

“आणि तुम्ही चिडलात तर?”

“चिडेन. त्या दिवशी मला हे बोलणं आठवणारबी न्हाई. म्हणून तर आज घेतोय.”

मी हो म्हटलं. नेम घेताना आपण उजव्या हातावर पाणी सोडतो. तिथं पाणी नव्हतं. मी त्यांच्या पायांना हात लावला आणि तो कपाळी नेला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी प्रभावळ कांडव्याला नेली. देवळात सगळं गाव. दोन गड्यांनी ती मूर्तीमागं उचलून धरली आणि पाय खोबण्यांवर आणले. पाय थोडे उतरले आणि थांबले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामा पुढे झाले, प्रभावळीच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि नुसता दाबला. ती खाली सरकून बसली. पितळ दगडाला लागल्याचा एक बारीक आवाज आला. दगडाचा कपचासुद्धा उडाला नव्हता.

सिद्धाप्पांनी घंटा वाजवली. हे लहान मुलासारखे प्रत्येकाला सांगत सुटले, “आबांनी केली. आमच्या आबांनी.” मामा हात जोडून देवीसमोर उभे होते. मी मागून पाहत होते, त्यांचा सदरा खांद्यात सैल झाला होता.

नवरात्रात त्या प्रभावळीची चर्चा पंचक्रोशीत झाली. शेजारच्या गावचे लोक येऊन भैरोबालाही तशीच हवी म्हणून ह्यांच्याकडे बसले. ह्यांनी मामांना विचारायच्या आधीच हो म्हटलं. “आबा करतील की. आता काय, हात बसलाय पुन्हा.” कुलूप लावायला निघालेला हाच माणूस होता, पण मलाही आनंदच झाला होता.

मामांनी लगेच प्लायवूडच्या तक्त्यावर नव्या प्रभावळीची आखणी सुरू केली. मी रोजच्यासारखी समोर बसले. ते माप म्हणायचे, मी परत म्हणायची. पाचव्या माळेला त्यांनी दोन्ही पाय आखले. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता. नुसत्या डोळ्यांना कळत होतं.

“मामा, डावा पाय बघा जरा.”

त्यांनी पाहिलं. “बरोबर हाय की.”

“उजव्याशी धरून बघा.”

त्यांनी पट्टी लावली. उजवीकडे लावली, डावीकडे लावली. आकडे स्वतःच मोठ्यानं वाचले, वेगवेगळे आकडे. आणि माझ्याकडे बघून हसले. “बरोबर हाय, पोरी. तुझं डोळं दमलं.”

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवलं. म्हटलं, ऊन असेल, झोप कमी झाली असेल. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा हसले. “अगं, बरोबर हाय.” त्या हसण्यात कुठंही शंका नव्हती. तेच मला सहन होईना.

मी पहाटेची पूजा जास्त वेळ करू लागले. देवीजवळ काही मागवेना. काय मागायचं तेच कळेना.

खंडेनवमीला मामांनी सगळी हत्यारं धुऊन शेडमध्ये पाटावर मांडली. पटाश्या, करवती, रंधे, कंपास. मी हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्यार उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उतरवून नव्या कामाचा पहिला घाव घालायचा. मामांनी सागवानाची फळीसुद्धा आणून ठेवली होती. उद्या त्या आखणीवरून लाकूड कापलं जाणार होतं.

स्वयंपाकघरात मी ह्यांना डाव्या पायाचं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, “कुमुद, एक करू. रात्री मी आखणी नीट करून ठेवतो. त्यांना कळणारही नाही. आबा किती खुशीत आहेत बघ ना. वर्षभरात असे नव्हते. तू तेवढी बाजूला बसून रोज नीट करून घे. त्यांच्या हातून झालं असंच वाटेल त्यांना.”

“आणि गावाला?”

“गावालाही.”

“मी कबूल केलंय, हो,” मी म्हटलं.

“कुणाला?”

“मामांना.”

मग लिंबाच्या झाडाखालचं सगळं बोलणं मी त्यांना सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर भिंतीला टेकले.

“त्यांना आता आठवत पण नसेल ते.”

“नसेलच. तसंच म्हणाले होते.”

“मग कशाला? कोण विचारणार आहे तुला?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “मी जाते.”

“मी येऊ बरोबर?”

“नको. मीच सांगायचं म्हणालेत.”

खिडकीतून शेड दिसत होती. मामा पाटासमोर बसून हत्यारांना वाहिलेली झेंडूची फुलं पुन्हा पुन्हा सारखी करत होते. चहा घेऊन जावं असं एकदा मनात आलं. पण चहा नेला असता तर चहाचंच बोलणं झालं असतं. मी ओले हात पदराला पुसले, आणि रिकाम्या हातांनी परसात उतरले.